रात्रपाळीचे दात

बेल्ह्याला गेलो की मी ओसरीवरच अंथरूण टाकतो. पूर्वी ही ओसरी उघडी होती. झोपताना कल्याण–नगर रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे समोरच्या भिंतीवरून सरकत जायचे, जणू कुणी कंदील घेऊन घरात हरवलेलं काहीतरी शोधतंय. आता तिला लोखंडी जाळी आहे. उसाच्या फडात बिबट्यांची बाळंतपणं होऊ लागल्यापासून जुन्नर तालुक्यात माणसं पिंजऱ्यात झोपतात आणि बिबटे मोकळे हिंडतात. चांदणं मात्र अजून आत येतं. जाळीमुळे त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि नारळाच्या वड्या पाडून ठेवाव्यात तसे ते गोधडीवर पडून राहतात.

गेल्या डिसेंबरात अशाच एका रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. कसला तरी आवाज येत होता. कर्र. मग शांतता. मग पुन्हा, जरा लांबवून, कर्रर्र. कुणीतरी सावकाश, चवीनं हाड फोडत होतं. मी श्वास रोखला. पहिला विचार आमच्या कुत्र्याचा आला आणि दुसरा जाळीजवळच्या माझ्या पायांचा. खरं सांगायचं तर क्रम उलटा होता. मोबाइलचा दिवा लावला तर कुत्रं माझ्याच पायथ्याशी वेटोळं करून पडलेलं. शहरातून आलेल्या माणसाकडे गावची कुत्री पाहतात तसं त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो डोळाही मिटून घेतला. आवाज त्याच्या पलीकडून, शेजारच्या अंथरुणातून येत होता. तिथं माझा पुतण्या झोपला होता. वय पंधरा, इयत्ता दहावी, पाय गोधडीबाहेर, ओठावर पेन्सिलनं काढून खोडल्यासारखी मिशीची रेघ. चेहरा अगदी शांत. फक्त जबडा चालू होता. दाणे संपल्यावरही कुणी जातं ओढत राहावं आणि दगडाला दगड घासावा, तसा तो आपलेच दात दळत होता.

सकाळी चहाच्या वेळी मी विचारलं, "काय रे, रात्री काय खात होतास?"

"काही नाही," तो म्हणाला.

पंधराव्या वर्षी माणसाला एकच उत्तर येतं आणि ते सगळ्या प्रश्नांना चालतं. शाळेत काय झालं? काही नाही. डोळे का लाल? काही नाही. मग एवढा गप्प का? काही नाही. आमच्या जुन्या दाराला आतून लाकडी अडसर आहे. तो भिंतीतल्या भोकात सरकवला की बाहेरच्यानं खांदा लावला तरी दार हलत नाही. दाराला कुलूप दिसत नाही, साखळी दिसत नाही, नुसतं लोटलेलं वाटतं. 'काही नाही' हे तसंच दार. आपण त्याच्यापुढे उभे असतो, चहाचा कप हातात, आणि आतला माणूस अगदी नम्रपणे सांगत असतो की घरात कुणी नाही.

आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, चुलीपाशी बसल्या बसल्या निदान केलं. "जंत झालेत त्याला." झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंत असतात, याबद्दल महाराष्ट्रातल्या तमाम आज्यांचं एकमत आहे, आणि ज्या विषयावर आज्यांचं एकमत आहे त्यावर शास्त्रानं अजून कितीही चाचपडलं तरी कुणाला घाई नसते. वास्तविक २०१५ पासून जंतनाशक दिन पाळतात. एक ते एकोणीस वर्षांच्या पोरापोरींना शाळेत, अंगणवाडीत गोळी मिळते, आणि तीही चावून खायची. आमच्या पुतण्यानं ती इमानानं चावलेली होती. तरी वावडिंगाचं पाणी सुरू झालं. दोन आठवडे चाललं. जंत असलेच तर गेले असतील. आवाज राहिला.

मला मात्र त्या दिवसापासून 'दात खाणं' या शब्दांनीच पछाडलं. आपली भाषा भलती खादाड आहे. मराठी माणूस मार खातो, बोलणी खातो, कच खातो, हाय खातो, गटांगळ्या खातो, एखाद्यावर खार खातो, जमलं तर भाव खातो, रिकामा असला तर दुसऱ्याचं डोकं खातो, आणि एवढ्यानंही पोट भरलं नाही की दातओठ खातो. दात हे खाण्याचं साधन. आपण ते ताटातच वाढून घेतलेत. बाकीच्या भावनांची सोयही त्यांच्याकडेच. हसू आलं की दात काढतो, घाबरलो की दातखीळ बसते, वैर धरायचं तर दात धरतो, आणि विनवण्या करून थकलो की दातांच्या कण्या होतात. फ्रान्समध्ये १९०७ साली मारी आणि पिएत्किएविच या दोघांनी या सवयीला 'ब्रुक्सोमानी' असं नाव दिलं. दात करकरवणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं होतं. पुढे त्याचा ब्रुक्सिझम झाला. त्यांना नावासाठी ग्रीसपर्यंत जावं लागलं, आमच्या आईला चुलीपुढून उठावंही लागलं नव्हतं. पण खाण्याच्या या सगळ्या पंगतीत एक वाक्य असं आहे की त्यात खाणारा दिसतच नाही. 'मला आतून काहीतरी खातंय.' तिथं आपण ताटाच्या या बाजूला नसतो.

मग एका संध्याकाळी पोराला समजवायला घर बसलं. तोंडातल्या सवयी वाईट, हा विषय. दिवसा तो नखं खातो, पेनाची टोपणं चावतो, अभ्यास करताना सदऱ्याची कॉलर तोंडात धरतो, अशी फिर्याद वहिनींनी मांडली. मी भिंतीला टेकून न्यायासनाकडे पाहत होतो. आई डाव्या हाताच्या तळव्यावर मिश्री घेऊन उजव्या बोटानं ती दातांना लावत होती आणि मधेमधे थांबून "वंगाळ सवय" म्हणत होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तंबाखूला चुना लावून अंगठ्यानं मळत मळत मान डोलावली आणि चिमूट खालच्या ओठात सोडली. दादा, म्हणजे माझा भाऊ, काही बोलला नाही. त्याच्या गालात सुपारी धरल्यासारखं काहीतरी वर-खाली होत होतं. पण सुपारी तो खात नाही. तो त्याचा जबडा होता. त्या आठवड्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला काय भाव मिळाला ते मला त्या गालावरून कळलं. वहिनी बोलता बोलता पदराचं टोक दातात धरत होत्या. मी न बोलता सगळं टिपून घ्यावं म्हणून खिशातलं पेन काढलं, तर त्याचं टोपण मी गाडीतच चावून सपाट केलेलं होतं. पुतण्यानं एकेकाकडे पाहिलं. त्या पोराचा सभ्यपणा असा की तो काहीही बोलला नाही. नखं तेवढी मुठीत घेतली.

नखं मीही खायचो. "नखं खाल्ली की घरात दरिद्र येतं," असं आई सांगायची, पण ते आमच्याकडे माझ्या आधीच येऊन राहिलेलं असल्यामुळे धमकीत दम नव्हता. मग तिनं बाजारातून काळा बोळ आणला, पाण्यात उगाळला आणि माझ्या दहाही बोटांना लावला. तो इतका कडू की डोळ्यांत पाणी यायचं. चार दिवस मी हात अंगापासून लांब धरून हिंडलो, ओल्या रंगाचं दार असल्यासारखा. पाचव्या दिवशी एक बोट चाखलं. आठव्या दिवशी मला ती चव आवडायला लागली. बोळ लावायला आई विसरली तर नखं अळणी लागायची. आजही कुठं कडू काढ्याचा वास आला की मला दहावीचा भूगोल आठवतो.

का खायचो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी 'काही नाही' म्हणालो असतो. आता पन्नाशीत सांगायला हरकत नाही. आबा तेव्हा बैलांचा व्यापार करायचे. दूरदूरचे बाजार करून, कधी पायी, कधी ट्रकमधून, रात्री-अपरात्री परत यायचे. सौदा बसला असेल तर वहाणा दाराशी वाजायच्या. बसला नसेल तर हातात काढून घेतलेल्या असायच्या. मी जागा राहून त्या वाजतात का ते ऐकायचो. ऐकताना हात रिकामे असतात. रिकामा हात अंधारात तोंडाकडेच जातो. जन्मल्यापासून त्याला तोच एक रस्ता पाठ असतो.

जानेवारीत आम्ही आळेफाट्याच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोराला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आणि बैलबाजारात जन्म गेलेल्या आबांना पटेल अशा शांतपणे तोंड वाचायला सुरुवात केली. पुढच्या खालच्या दातांच्या कडा घासून सपाट झाल्या होत्या. गालाच्या आतल्या बाजूनं दात मिटतात तिथं पांढरी रेघ उमटली होती. जीभ बाहेर काढायला लावली तर तिच्या दोन्ही कडांना कातणं फिरवलेल्या करंजीसारखी नक्षी. आत जागा नसल्यासारखी ती बिचारी दातांवर दाबून बसत होती. "सकाळी कानशिलं दुखतात का?" त्यांनी विचारलं. "कधी कधी," तो म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत 'काही नाही'च्या पलीकडचं ते त्याचं पहिलं उत्तर होतं.

बाईंनी मग सावकाश समजावून सांगितलं. दातावरचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षा कठीण. पण हाड मोडलं तर सांधतं, हे कवच एकदा झिजलं की पुन्हा उगवत नाही. लहानपणी पुष्कळ मुलं झोपेत दात खातात आणि बरीचशी वाढत्या वयात आपोआप सोडून देतात. झोपेतलं खाणं वेगळं आणि जागेपणी दात आवळून बसणं वेगळं. झोपेत मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो, छातीचे ठोके वाढतात आणि त्यांच्यामागोमाग जबडा चालायला लागतो. काही घराण्यांत ते चालतच येतं. (दादाच्या गालात पुन्हा सुपारी हलली.) दिवसा दात आवळणं मात्र काळजीशी, एकाग्रतेशी, मनात दाबलेल्या गोष्टींशी जास्त बांधलेलं. ताण हेच एकमेव कारण असं नाही, पण ताणाला मुक्कामाला जबडा आवडतो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला या वयापर्यंत कुणी सांगितली नव्हती. जेवण आणि घोट गिळणं एवढं सोडलं तर दिवसभरात वरच्या आणि खालच्या दातांची गाठ पडण्याचं काही कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, मध्ये दोन-चार मिलिमीटरची फट. ही म्हणे विसाव्याची जागा.

परतताना जीपमध्ये कुणी बोलेना. आधी मला वाटलं, सगळे गंभीर झालेत. राजुरी मागे पडल्यावर लक्षात आलं की पाचही जण ओठ मिटून दात सुटे ठेवायचा सराव करत होते. ते भलतंच अवघड निघालं. दोन मिलिमीटर म्हणजे दोन तांदळांची जागा, पण ती जपायची म्हणजे घरातला एखादा कोपरा कायम रिकामा ठेवण्यासारखं आहे. नजर वळली की तिथं काहीतरी येऊन पडतं. दादानं समोरून चुकीच्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर पाहिला आणि त्याची फट गेली. वहिनींची पेट्रोलचा आकडा पाहून आधीच गेली होती. पोरगा खिडकीबाहेर बघत होता, आणि काचेत त्याच्या तोंडाचा कोपरा हसल्यासारखा दिसला, पण काचेतलं मी पुराव्यात धरत नाही.

बाईंनी त्याला रात्री लावायचं पारदर्शक कवच करून दिलं होतं, दातांच्या मापाचं. नाइट गार्ड. आबांनी ते डबीतून काढून उजेडात धरलं, उलटसुलट केलं. "म्हंजी मुसकंच की," ते म्हणाले. उभ्या पिकात कोळपणी करताना बैलानं तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधतात. "पण त्यानं बैलाची भूक जात नाय. पीक वाचतं." ब्रुक्सिझमवरचं याहून नेमकं भाष्य मी अजून कुठं वाचलेलं नाही. कवच दात वाचवतं. खाणाऱ्याचं काय, ते त्याला ठाऊक नसतं. बहुतेक म्हणूनच बाईंनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनानं एक आकडा लिहून दिला होता: १४४१६. टेलिमानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी फोनसेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दहा ते एकोणीस वर्षांच्या दर सात मुलांमागे एकाला मनाचा काहीतरी विकार असतो. मी शाळेचे बाक आठवले. आमच्या वेळी एका बाकावर तिघं. म्हणजे साधारण दर सव्वादोन बाकांमागे एक जण, वहीत डोकं घालून, 'काही नाही' म्हणत. वहिनींनी ती चिठ्ठी उलटी करून फ्रिजवर चुंबकानं लावली. कुणी फोन केला की नाही ते आम्ही विचारलं नाही. मात्र चुंबक मधूनमधून जागा बदलत असे, एवढं माझ्या नजरेला आलं.

वहिनींच्या झोपेबद्दल मला वेगळं लिहायला हवं. आमच्या तालुक्यात खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेताशिवारांत आभाळाकडे तोंड करून बसलेल्या, उलट्या धरलेल्या छत्र्यांसारख्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली, वाटेत झिजून झिजून नाहीशी होत आलेली कुजबुज त्या पकडतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, शाळांच्या सहली जातात. नववीत असताना पुतण्या जाऊन आला होता आणि आठवडाभर घरात आम्हांला सांगत होता की आपला मोबाइलसुद्धा तिथं म्हणजे केवढा मोठा गोंगाट आहे. तो बोलायचा तेव्हाची ही गोष्ट. तर वहिनी दिवसा स्वयंपाकघरात असल्या की दारातून कितीही हाका मारा, ऐकू जात नाहीत. कुकर, मिक्सर, टीव्ही, सासू. पण रात्री दोन भिंतींपलीकडे, ओसरीवर, गोधडीखाली, मिटलेल्या ओठांच्या आत दाढेवर दाढ फिरली की त्या उठून बसतात. तीसच्या तीस तबकड्या एकदम वळतात. त्या येतात, अंधारात त्याच्या उशाशी बसतात आणि कानशिलावर नुसता तळवा ठेवतात. दाबत नाहीत, चोळत नाहीत. थोड्या वेळानं जातं थांबतं. सकाळी त्या त्याला विचारतात, "झोप लागली का रे?" आणि तो म्हणतो, "हो." दोघंही एकमेकांना कळू देत नाहीत. मी डोळे मिटून घोरण्याचा आवाज काढत असतो, तेव्हा तिघंही म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की आमच्या शेजारीच, आळ्याला, रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे; यात्रा भरते, लोक नवस बोलतात. बोलून दाखवलेलं मुकं जनावर जिथं विसावलं त्या पंचक्रोशीत आमचा बोलता पोरगा मुका झालेला. आई तिथंही जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "त्याला बोलतं करायला ज्ञानेश्वर होते. आपण नुसतं बोल बोल करतोय." मग मिश्रीची डबी उघडली.

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. भाजी, धान्य, कोंबड्या, घोंगड्या, दोरखंड सगळं असतं, पण त्याचं नाव आहे ते बैलांमुळे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली तेव्हा बाजाराचा नूर उतरला होता. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि पुन्हा गुलाल उडू लागला. आबांनी व्यापार सोडून वीस वर्षं झाली. विकायला बैल नाही, घ्यायला पैसा नाही, पण सोमवारी सकाळी ते स्वच्छ धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून निघतातच. पेन्शनर मंडळी जुन्या कचेरीत चहाला जातात तसे. मार्चमध्ये, दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीच्या सोमवारी, त्यांनी पोराला बरोबर घेतलं. वहिनी म्हणाल्या, उद्या विज्ञान आहे. आबा म्हणाले, "विज्ञानच दावतो." मी मागे मागे गेलो.

बाजारात त्यांनी एका खोंडाच्या नाकपुड्यांत बोटं घालून तोंड वर केलं आणि खालचा ओठ अंगठ्यानं दुमडला. बैलाला वरचे पुढचे दात नसतातच, तिथं नुसती कठीण हिरडी. सगळी जन्मपत्रिका खालच्या आठ दातांत. दुधाचे दात असतील तोवर आदत. दोन पडून दोन मोठे आले की दुसा, मग चौसा, मग सहादाती. आठही आले की जुळला. "माणूस वय चोरतो, दात चोरत नाय," आबा म्हणाले. पोरानं वाकून पाहिलं. मला वाटलं, या पोराला कुठं बसवायचं? दुधाचे केव्हाच पडले, अक्कलदाढ अजून यायची, आवाज सकाळी बापाचा आणि दुपारी आईचा. बाजारात अशा मधल्याला नाव तरी आहे. तो खोंड मान सोडल्याबरोबर खाली बसला आणि रवंथ करायला लागला. डोळे अर्धे मिटलेले, जबडा आडवा, संथ, डावीकडून उजवीकडे. ती हालचाल मी ओळखली. दिवसा घाईघाईनं न चावता गिळलेलं, रात्री निवांतपणी वर आणून दळायचं. फरक एवढाच की बैलाच्या तोंडात खरंच काहीतरी असतं.

आम्ही लिंबाखाली बसलो. समोर दोन व्यापाऱ्यांचा सौदा चालला होता. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. हातावर कापड टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. शंभर, हजार की दहा हजार ते ज्याचं त्याला माहीत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा फक्त दोन हातांना कळतो. वर चेहरे अगदी कोरे, आभाळाकडे बघणारे, आणि खाली कापडात उंदीर शिरल्यासारखी हालचाल.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर पसरलं. "हात दे," ते पोराला म्हणाले. त्यानं दिला. उपरणं वर आलं.

"पैशाचं नाय," आबा समोर बघत म्हणाले. "रातच्याला किती जड होतं, तेवढी बोटं धर. बोलायचं नाय. बाजारात बोलत नसतात."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी लगेच एका बैलाच्या शिंगांना लावलेल्या हिंगुळाचा अभ्यास सुरू केला. बराच वेळ काही झालं नाही. मग उपरणं जरासं हललं. किती बोटं ते मला दिसलं नाही. आबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पन्नास वर्षांत त्या चेहऱ्यानं कुणाला आकडा कळू दिलेला नाही. फक्त तोंडातली तंबाखू त्यांनी बाजूला थुंकली, आणि असं ते सौदा मोठा असला तरच करतात.

"लई होतंय," ते म्हणाले. "यातलं एवढं माझ्याकडं दे." उपरणं पुन्हा हललं. पोरानं मान हलवली. आबांनी पुन्हा काहीतरी धरलं. पोरानं हात मागे ओढला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण तेव्हाच पलीकडे घुंगरांची माळ खळखळली, धूळ उडाली, आणि धुळीनंही डोळ्यांत पाणी येतं.

ओळखीचा एक व्यापारी काठी टेकत चालला होता. उपरणं पाहून थांबला. "काय आबा, पुन्यांदा धंद्यात का? जमलं का नाय?"

"जा की पुढं," आबा म्हणाले. हात तसाच उपरण्याखाली. "बोलणी चाललीत."